स्थितिज ऊर्जेवर प्रश्न काढताय? या चुका टाळा

"वस्तुमान 2 किलोग्रॅम, उंची 3 मीटर, स्थितिज ऊर्जा काढा." एवढं विचारून मुलांना विषय कळला असं ठरवणं आधी थांबवा. स्थितिज ऊर्जा म्हणजे उंचीमुळे वस्तूत साठलेली ऊर्जा; यात फक्त वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार तपासला जातो.

एका वर्गात या गणितात बहुतेकांना पैकीच्या पैकी मिळाले होते. शिक्षक खूश, पुढचा धडा काढून तयार. मी विचारलं, "जमिनीवरच्या दगडाची स्थितिज ऊर्जा किती?" सगळे एका सुरात, "शून्य!" बरं, शेजारी 3 मीटर खोल खड्डा खणून दगड आत ढकलला, तर तळाशी तो सेकंदाला साडेसात मीटरहून जास्त वेगाने आपटेल. ही ऊर्जा आली कुठून? वर्ग चिडीचूप. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, खड्डा खणला म्हणून."

हसू नका. शून्य म्हणजे 'ऊर्जा नाहीच' असं ज्याच्या डोक्यात बसलंय, त्याच्या हिशेबाने हे उत्तर बरोबरच आहे. शून्य पातळी, म्हणजे उंची जिथून मोजायची ती जागा, आपण ठरवतो, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. जमीन शून्य धरली तर त्या 2 किलोच्या दगडाची ऊर्जा तळाशी उणे 58.8 ज्यूल, तळ शून्य धरला तर काठावर 58.8. फरक तोच. म्हणून मी प्रश्न जोडीनेच काढतो: एकदा जमीन शून्य, एकदा टेबल. काय बदललं आणि काय नाही, हे एका वाक्यात लिहायला लावतो. जास्त गुण त्या वाक्याला. तपासायला वेळ लागतो, लागू दे. घाई असेल त्यांनी खुशाल गुणाकार तपासावेत.

आकृतीत एकच अंतर देऊ नका. उताराची लांबीही द्या, म्हणजे उंची कोणती हे मुलाला निवडावं लागेल.

उतारावरून वर ढकलत नेलेल्या खोक्यात तेवढ्याच उंचीवर सरळ उचललेल्यापेक्षा कमी ऊर्जा साठते का, हे विचाराच. "हो, कारण सोपं गेलं" असं उत्तर आलं, तर बल आणि ऊर्जा यांची गल्लत आहे. साठलेली ऊर्जा ठरते उंचीतल्या फरकावर.

बहुपर्यायी प्रश्नाखाली 'कारण लिहा' नसेल, तर तो प्रश्न काढूच नका.

वरच्या वर्गांत 'एमजीएच' (वस्तुमान, गुरुत्व त्वरण, उंची यांच्या गुणाकाराचं सूत्र) कुठवर चालतं हेही तपासा. पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर ते स्थितिज ऊर्जेतली वाढ खऱ्याच्या दुप्पट दाखवतं, कारण वर जाताना गुरुत्व त्वरण कमी होत जातं. तिथे आकडेमोड नको. सूत्र चालेल का आणि का, एवढंच विचारा.