मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बॅटरी आणि रिमोट बसवताय? या चुका टाळा

पुण्यात कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून घरी रूळ मांडायचा नाद अनेकांना लागतो. इंजिनाला वीज रुळातून मिळते, म्हणून रूळ स्वच्छ लागतात. पुढे सतत ते पुसायचा कंटाळा आला, की ते बॅटरी आणि वायरलेस रिमोटकडे वळतात. मग चढावर इंजिन थांबतं आणि सगळा राग रिमोटवर निघतो. रिमोट बहुतेक वेळा निर्दोष असतो. दुखणं बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोटर किती करंट ओढते हे न मोजता पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, साहित्य उचलणं. एचओ मापाची (१:८७ प्रमाणातली) इंजिनं १२ व्होल्टवर चालतात आणि लिथियमचा एक सेल साधारण ३.७ व्होल्ट देतो. म्हणून व्होल्टेज वाढवणारा बूस्टर लावतात. इथेच गणित चुकतं: मोटरला १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर हवा असेल, तर सेलमधून दीड अँपिअरहून जास्त खेचला जातो. चिमुकल्या बॅटरीला ते झेपत नाही. व्होल्टेज कोसळतं, रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि आपल्याला वाटतं रेंज गेली. त्यामुळे बदल करण्याआधीच मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा, इंजिन हाताने अडवून चाकं घसरू द्या आणि आकडा लिहून ठेवा. मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर त्या आकड्याहून जास्त करंट पेलणारा घ्या. जागा असेल तर मी बूस्टरऐवजी दोन सेलची ७.४ व्होल्टची बॅटरीच घेईन. वेग थोडा कमी मिळतो, पण खऱ्या गाडीसारखा दिसतो.

दुसरी चूक महागात पडते. चाकांकडून मोटरकडे येणाऱ्या जुन्या वायरी तशाच राहतात आणि रुळात वीज असली तर कंट्रोलर जळतो. काही जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक थेट चॅसीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकलेलं असतं, ते पटकन लक्षात येत नाही. मल्टिमीटर बझरवर ठेवून मोटरची दोन्ही टोकं चॅसी आणि चाकांशी तपासा. आवाज आला तर पुढे जाऊ नका.

चार्जिंगबद्दल आग्रहाने सांगतो. टीपी४०५६ या चार्जिंग चिपची स्वस्त पट्टी सहसा १ अँपिअरला लावलेली येते. ३०० एमएएचच्या सेलला तो करंट फार होतो. तिच्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४ किलोओहमचा लावला, की करंट सुमारे ०.३ अँपिअरवर येतो. ही पट्टी एकाच सेलसाठी असते. दोन सेलना बॅलन्स चार्जरच, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरणारा चार्जरच, लागतो.

सारखे दिसणारे कनेक्टर उलट्या पोलॅरिटीचे निघतात, म्हणून जोडण्याआधी लाल-काळ्या रंगावर विसंबू नका, मोजा. अँटेना धातूच्या बॉडीत दाबू नका. बॅटरीला जागा करताना वजनाचा तुकडा काढला असेल, तर मोटरने फिरणाऱ्या चाकांवर तेवढं वजन परत द्या, नाहीतर चढावर चाकं नुसतीच फिरतील.

सेल थोडा जरी फुगलेला दिसला, तरी तो पुन्हा चार्ज करू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.