टोळीचं रेशन इथंच कसं मिळवायचं

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, ओढ्याकडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात आणि गिरणीवर किलो-दोन किलोची दळणं सुरू होतात. गावातली बाई दहा किलोचा डबा आणते. या बायका किराणा दुकानातनं रोजच्यापुरती विकत घेतलेली बाजरी पदराखाली धरून आणतात. एकीला विचारलं, "रेशनचं का गं दळत नाहीस?" म्हणाली, "कार्ड गावाकडं हाय ना ताई."

तर पहिली गोष्ट तिला सांगायची ती हीच, की कार्ड गावाकडं असू दे, धान्य इथं मिळतं. राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात मिळतं. परराज्यातल्या माणसालाही त्याच्या कार्डावर गहू-तांदूळ मिळतो. कार्ड हातात लागत नाही, त्यावरचा बारा आकडी नंबर लागतो. सासूला फोन करून फोटो मागवायचा. नाहीच जमलं तर आधार नंबरावरही रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन कार्ड शोधतं.

मग हक्क किती ते बघा. कार्डाच्या रंगावर जाऊ नका, सगळ्याच केशरी कार्डांवर धान्य नसतं. प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी 5 किलो, अंत्योदय असेल तर कार्डाला 35 किलो. गहू किती, तांदूळ किती हे बदलत राहतं. जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे, त्यामुळे किलोमागं कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. महाईपॉस या रेशनच्या सरकारी संकेतस्थळावर 'आरसी डिटेल्स'मध्ये तो नंबर टाकला की कुणाकुणाची नावं आहेत, या महिन्यात काही उचललंय का, सगळं दिसतं. मी हे गिरणी चालू असतानाच मोबाईलवर बघते, पीठ उडून स्क्रीन पांढरी होते तेवढंच.

गोम आहे ती वाटणीची. गावाकडं म्हातारी माणसं नि शाळेतली पोरं, इथं नवरा-बायको आणि तान्हं. तिकडं सासऱ्यानं अंगठा लावून सात जणांचं 35 किलो उचललं की इथं मशीन शून्य दाखवतं आणि दुकानदारावर उगाच संशय येतो. म्हणून महिना लागायच्या आधी फोन करून ठरवा: चार माणसांचं 20 किलो तिकडं, 15 किलो इकडं. सगळं एकाच वेळी उचलायची सक्ती नाही.

आता अंगठा. मागच्या हंगामात एका पोरीला घेऊन मी दुकानात गेले. मोळ्या बांधून तिच्या बोटांना पाचटाचे इतके काप पडलेले, की मशीन तीनदा नाही म्हणालं. दुकानदार म्हणाला, "ठसा येत नाही, जावा आता." मी त्याच्याच घरातनं कोमट पाणी मागितलं, तिचे हात धुतले, माझ्या ओढणीला पुसले आणि एकेक बोट लावायला लावलं. अंगठाच लागतो असं नाही, कुठलंही बोट चालतं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं उमटलं. तेही नसतं उमटलं तर कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचंही बोट चाललं असतं, नवऱ्याला आणलं असतं. ई-केवायसी, म्हणजे आधारवरनं ओळख पटवणं, राहिली असेल तर तीही इथल्या दुकानात होते. बोटं अगदीच गेली असतील तर 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून होते. पावती घ्या आणि किलो मोजून घ्या.

दुकानदाराची अडचणही खोटी नसते. त्याचा कोटा गावच्या कार्डांच्या हिशोबानं येतो, त्यात वीस कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या वीस जोड्या, वाढल्या की पोती कमी पडतात. त्याला आधीच यादी द्या, म्हणजे तो तहसीलला जादा माल मागू शकतो. परक्या कार्डावरही त्याला क्विंटलमागं कमिशन मिळतंच, हे त्याला गोड शब्दांत आठवून द्या. वेळेचंही बोलून घ्या. टोळी पहाटे चारला फडात जाते, दुपारी उघडं दुकान तिच्या काय कामाचं? आमच्याकडं संध्याकाळी सातला उघडायचं ठरलं.

तरीही "परगावचं कार्ड चालत नाही" म्हणाला, तर म्हणायचं, तेवढं कागदावर लिहून द्या. अजून कुणी दिलेलं नाही. रेशनच्या तक्रारीसाठी 1967 वर फोन फुकट लागतो. अर्ज द्यायचा झाला तर तालुका वाळवा असला तरी तहसील कचेरी ईश्वरपूरला (पूर्वीचं इस्लामपूर), तिथल्या पुरवठा शाखेत. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हे धान्य हक्काचं आहे, विनवणी करायची गरज नाही.

पोरांचं वेगळं. कोपीत सहा वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर अंगणवाडी सेविकेला नेऊन दाखवा. तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार, पुढं अंगणवाडीत गरम जेवण. त्याला रेशन कार्ड लागत नाही.

माझी एक तक्रार आहेच. ही माणसं बाजरीच्या भाकरीवर राबणारी आणि पदरात पडतो गहू-तांदूळ. पण रेशन मिळायला लागल्यापासून बाजरीचे पैसे निम्म्यानं वाचतात, असं त्या बायकाच सांगतात.

मार्च-एप्रिलला पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि टोळ्या परततात. जायच्या महिन्याचं धान्य इथं उचललं असेल तर गावाकडं पुन्हा मिळणार नाही, एवढं निघताना सांगा. नाहीतर पोतं इथंच विकून मोकळ्या होतात आणि तिकडं गेल्यावर मला फोन येतो.