माँडीजला जायचं तर दुपारी तीनला

सांगली-कराडकडून मुंबईत नोकरीला आलेली पोरं पहिला पगार झाला की हमखास विचारतात, "दादा, एखादा बरा बार सांगा की." मी त्यांना कुलाब्याला, माँडीज म्हणजे कॅफे मोंडेगारला धाडतो. पण चार गोष्टी सांगून धाडतो, कारण मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

मी आलो १९९८ साली. पहिल्याच महिन्यात फोर्टातल्या एका परमिट रूममध्ये शिरलो. उकडत होतं, म्हणून काचेचं दार ढकलून आतल्या गारव्यात बसलो. दोन बिअरचं बिल आलं आणि त्या गारव्यातही घाम फुटला. मेनूकार्डावर एसी आणि नॉन-एसी असे दोन रकाने असतात, ते मी पाहिलेच नव्हते. तेव्हा आधी रकाना बघा, मग खुर्ची. आणि बशीतले शेंगदाणे नाहीतर उकडलेले चणे बहुतेक ठिकाणी फुकट असतात, पण विचारून घ्या. विचारण्यात लाज कसली!

परमिट रूम हे नाव कुठून आलं, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून. तो कायदा रद्द झालेला नाही बरं का. कागदावर आजही पिणाऱ्याकडे परवाना हवा. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. वयाचंही लक्षात ठेवा: बिअरला २१ पुरी, व्हिस्की-रमला २५. बाविशीतल्या पोरानं "एक सिक्स्टी", म्हणजे साठ मिलीचा पेग, मागून ऐट मारू नये.

आता कुलाबा. कॉजवे या तिथल्या रस्त्यावर दोन जुनी नावं आहेत. लिओपोल्ड १८७१ चं, इराण्यांनी काढलेलं. २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथं अजून ठेवल्यात. एकदा जाऊन या, पण आपल्या खिशाला आणि कानाला ते रोजचं नाही. माझा जीव जडलाय तो माँडीजवर. रीगल सिनेमासमोर, १९३२ पासून. रीगलहून एका वर्षानं थोरलं. आत शिरलात की भिंती बघा, मेनूकार्ड नंतर. मारिओ मिरांडा यांची चित्रं आहेत: एका भिंतीवर मुंबईचं जगणं, दुसरीवर याच कॅफेतली गंमत. मी पहिल्या खेपेला बिअर कोमट होईस्तोवर माणसं न्याहाळत बसलो होतो. प्रत्येक नाक वेगळं!

टेबलं इतकी खेटून की शेजारच्याच्या फोनवरचं भांडण तुम्हाला अख्खं कळतं. म्हणूनच वेळ महत्त्वाची. शनिवारी रात्री दारात ताटकळाल आणि बसल्यावर घाई होईल. कामाच्या दिवशी सुट्टी मिळाली तर दुपारी तीनला जा. एक बिअर, काहीतरी खायला, आणि दीड तास तुमचा.

हा दीड तास का, ते कॉट बेसिसवर राहिलेल्याला सांगावं लागत नाही. गिरगावात आम्ही एका खोलीत सहा जण होतो. कॉट माझी, पण रात्रीपुरती; दिवसा तिच्यावर रात्रपाळीवाला झोपायचा. शहरात माझं म्हणावं असं टेबल मला पहिल्यांदा मिळालं ते असं, बिलाच्या भाड्यानं.

वेटरला "ए" म्हणून हाक मारू नका. दादा म्हणा, मामा म्हणा. चुटकी तर चुकूनही वाजवू नका. घराजवळच्या शेट्टींच्या बारमध्येही हेच. तिसऱ्या खेपेला तो न मागता बसायची जागा दाखवतो, आणि मुंबईत ओळख म्हणतात ती अशी सुरू होते. मुलींनो, माँडीजला तुम्ही एकट्या बसलात तरी कुणी वळून बघत नाही. वस्तीतल्या सगळ्या परमिट रूमबद्दल मी तशी हमी देणार नाही.

निघण्याआधी ड्राय डे बघा. २ ऑक्टोबर सगळ्यांना माहीत असतो. आषाढी एकादशीला आणि मतदानाच्या आधी हात हलवत परतलेले मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

पिऊन झालं की थेट गाडी पकडू नका. मागं गेटवे पाच मिनिटांवर आहे. कठड्यापाशी थांबा, मांडव्याच्या लाँचा बघा, डोकं जागेवर येऊ द्या. मग चालत चर्चगेट. संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये मात्र चढू नका, तिथं शुद्धीवरच्या माणसाचेही हाल होतात.