ऑगस्टात इंडियानापोलिसला निघताना: ड्रम कोअरच्या आठवड्याची तयारी

ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं आणि ढोल वाजवत मैदानावर आकृत्या काढणारी तरुणांची पथकं; त्यांची वार्षिक स्पर्धा ऑगस्टात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला भरते. ती पाहायला पहिल्यांदा निघालेले बहुतेक जण शनिवारच्या अंतिम फेरीचं तिकीट काढतात आणि तयारी झाली असं समजतात. माझा सल्ला नेमका उलटा आहे. रजा आणि पैसे मोजकेच असतील तर आधी गुरुवार धरा, मग शुक्रवार, आणि त्यातूनही काही उरलं तर शनिवार. गुरुवारच्या प्राथमिक फेरीत झाडून सगळे संघ उतरतात. त्यातले 25 शुक्रवारच्या उपांत्य फेरीत जातात आणि शनिवारी मैदानावर दिसतात फक्त 12. ज्या संघाने पूर्ण उन्हाळा घाम गाळला आणि तेराव्या नंबरवर थांबला, तो शनिवारी तुमच्याच शेजारच्या खुर्चीत प्रेक्षक म्हणून बसलेला असतो. त्याचा कार्यक्रम पाहायचा तर दोन दिवस आधी पोहोचायला हवं. शिवाय गुरुवारचं तिकीट स्वस्त पडतं आणि खेळ जवळजवळ दिवसभर चालतो.

तारीख कॅलेंडरवर आत्ताच टाका. ड्रम कोअर इंटरनॅशनल म्हणजे डीसीआयची जागतिक स्पर्धा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होते आणि 2009 पासून तिचं घर म्हणजे इंडियानापोलिसचं लुकस ऑइल स्टेडियम. तरी खोली बुक करण्याआधी त्या वर्षीचं ठिकाण आणि तारीख अधिकृत वेळापत्रकात पाहून घ्यावी. इंडियाना स्टेट फेअरही याच सुमाराला भरते, त्यामुळे गावातल्या हॉटेलांचे भाव चढलेलेच असतात. शिकागोहून गाडीने येणाऱ्यांना तीन-सव्वातीन तास लागतात, पण एक तास वाटेत गळतो हे लक्षात ठेवा: शिकागो सेंट्रल वेळेवर चालतं, इंडियानापोलिस ईस्टर्नवर. आवडता संघ तीनला उतरणार म्हणून घड्याळाकडे बघत निवांत निघालेले लोक पार्किंग शोधत असतानाच आतून टाळ्या ऐकतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे अमेरिकेत भारतातून आई-बाबा आलेलेच असतात. त्यांना घेऊन जाणार असाल तर काय पाहायला नेतोय हे गाडीतच सांगून ठेवा, नाहीतर मनात पोलीस बँड धरून येतील. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांनी आपापली बिगुल-ढोलांची पथकं उभी केली, त्यांच्यात स्पर्धा लागल्या, आणि त्यातूनच हा खेळ घडला. डीसीआयची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर गावी झाली. लष्करी वळण आता जवळपास पुसलं गेलंय. एका संघात जास्तीत जास्त 165 मुलं-मुली, वय साधारण बाविशीच्या आत. वाद्यं मुख्यतः पितळी आणि तालवाद्यं, अलीकडे जोडीला सिंथेसायझर; सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी औषधालाही नाही. सोबत झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी उडवणारं, नाचणारं कलर गार्ड. दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम, तो बसवण्यात सगळा उन्हाळा जातो. ‘ही कवायत आहे की नाच?’ असं बाबा विचारतील. दोन्ही, म्हणून सांगायचं.

खुर्ची निवडताना क्रिकेटची सवय सोडा. इथे जवळची जागा म्हणजे चांगली जागा नव्हे. मैदानावर माणसांनी काढलेल्या आकृत्या असतात, एक वर्तुळ फुटून त्याच्या दोन तिरक्या रेषा होतात, आणि हे सगळं वरून बघण्यासाठीच आखलेलं असतं. पहिल्या दहा-पंधरा ओळींत बसलात तर तुम्हाला डोकी दिसतील. पन्नास यार्डाच्या रेषेच्या, म्हणजे मैदानाच्या मधोमध आखलेल्या रेषेच्या आसपास आणि जमेल तितकं वर, हे सूत्र धरा. टोकाची जागा मात्र स्वस्त असली तरी टाळावी. बंद छताखाली आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि टोकाला बसलेल्याला एकच सूर दोनदा ऐकू येतो. खाली बसण्याचा फायदा एकच, ब्रासचा, म्हणजे पितळी वाद्यांचा, झोत थेट छातीवर येतो. त्या सुखासाठी एखादी फेरी खाली काढायला हरकत नाही, पण ती दुसऱ्या दिवशी.

पिशवी पारदर्शक हवी. अमेरिकेतल्या फुटबॉल स्टेडियमचा नियम आहे, बारा बाय बारा बाय सहा इंचांच्या आतली. नेहमीची पर्स किंवा डायपर बॅग घेऊन दारापर्यंत गेलात तर परत गाडीपर्यंत चालावं लागेल. आत एसी कडक असतो, म्हणून एक शाल किंवा पातळ स्वेटर. बाहेर डांबरावर ऊन भाजून काढतं, म्हणून टोपी. लहान मुलांसाठी कानात घालायचे बोळे आवर्जून घ्या. खाण्याचं म्हणाल तर आत नाचो, पिझ्झा, प्रेट्झेल. पराठे नि दहीभात गाडीतल्या कूलरमध्ये ठेवावे आणि मधल्या सुट्टीत बाहेर येऊन खाता येईल का, हे दारावर विचारूनच बाहेर पाऊल टाकावं.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिला तिकीटच लागत नाही. मैदानात उतरण्याआधी प्रत्येक संघ स्टेडियमच्या आसपासच्या मोकळ्या पार्किंगमध्ये हात गरम करतो. चाहते याला नुसतं ‘लॉट’ म्हणतात आणि काही जण तर फक्त त्यासाठीच येतात. एका ढकलगाडीवर स्पीकर ठेवलेला असतो, त्यातून मेट्रोनोमची, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राची, टकटक सुरू असते. ड्रमलाइन कमानीत उभी राहते: मधे स्नेअर, म्हणजे खणखणीत आवाजाचे ताशासारखे ढोल, बाजूला टेनर, म्हणजे एकाच माणसाच्या कमरेला अडकवलेले पाच-सहा ढोल, आणि पलीकडे बेस, म्हणजे खर्जातले मोठे ढोल. वाजवायला लागण्याआधीच पाय एका लयीत उचलले जातात. स्नेअरवाल्यांच्या काड्यांकडे नीट बघा. आठ-नऊ जणांच्या काड्यांची टोकं एकाच उंचीवर येतात, तीन इंच म्हणजे तीनच इंच, आणि आवाज एका माणसाचा येतो. एखादी काडी बोटभर जास्त उचलली गेली तरी प्रशिक्षक नुसती भुवई उंचावतो, आणि पुढच्या फेरीत ती खाली आलेली असते.

बेसवाल्यांसमोर जरा जास्त वेळ उभे राहा. आपल्या ढोल पथकात सगळे ढोल मिळून एकच ठोका देतात आणि त्याची ताकद त्या एकत्र येण्यात असते. इथे उलट आहे. पाच-सहा जणांकडे वेगवेगळ्या आकाराचे, वेगवेगळ्या सुरांचे बेस असतात आणि एकच द्रुत ओळ त्यांच्यात वाटलेली असते. प्रत्येकाच्या वाट्याला मधलाच एखादा ठोका. तो अचूक जागी पडला तर ओळ डावीकडून उजवीकडे पळत गेल्यासारखी ऐकू येते, आणि एकाचा जरी केसभर चुकला तरी भोक पडतं. स्टेडियमच्या वरच्या ओळीत हे कळत नाही. लॉटमध्ये चार पावलांवरून कळतं. थोडं पलीकडे ब्रासवाले वर्तुळात उभे असतात, आधी नुसते श्वासाचे व्यायाम, मग एखादी संथ धून. ट्युबा, म्हणजे सगळ्यात मोठं पितळी वाद्य, खांद्यावर पेलून पोरं ती वाजवतात तेव्हा शेजारच्या गाडीची काच थरथरते. उभं राहायचं, ऐकायचं, पण कमानीच्या आत पाय टाकायचा नाही. संघ मैदानाकडे निघाला की वाट सोडायची.

थोडा अभ्यास करून जा, म्हणजे मजा दुप्पट होते. गुण शंभरपैकी: एकूण परिणामाला 40, दृश्य भागाला 30, संगीताला 30. जूनच्या शेवटी हेच संघ साठ-सत्तरच्या घरात असतात आणि ऑगस्टात पहिले काही नव्वदीच्या वर जातात. कारण जूनमध्ये कार्यक्रम पुरा बसलेलाच नसतो. शेवटची दोन मिनिटं कधी कधी जुलैत येतात. म्हणून जमलं तर आधी एखादी विभागीय स्पर्धा पाहून ठेवा. टेक्सासवाल्यांना सॅन अँटोनिओ आहे, न्यू जर्सी-फिलाडेल्फियाच्या मंडळींना पेनसिल्व्हेनियातलं ॲलनटाउन अगदी हाताशी आहे, तेही उघड्या मैदानावर. तोच संघ नंतर परत पाहिलात की काय घासलं, काय टाकून दिलं, हे स्वतःचं स्वतःला दिसतं. आजवरचा सर्वोच्च गुणांक 99.65, ब्लू डेव्हिल्सचा, 2014 मधला. कॅलिफोर्नियातल्या काँकर्डचा हा संघ सर्वाधिक वेळा जिंकलेला, आणि त्यामुळे न आवडणाऱ्यांची संख्याही मोठी. 2025 ला बॉस्टन क्रुसेडर्सनी पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवलं; संघ स्थापन झाला होता 1940 मध्ये. सॅक्रामेंटोचे मँडरिन्स चिनी-अमेरिकन वस्तीतल्या मुलांसाठी 1963 ला सुरू झाले, आज त्यांच्यात सगळीकडची मुलं आहेत. असं काही माहीत असलं की मैदानावर कुणी अनोळखी राहत नाही.

जुन्या चाहत्यांशी गप्पा मारायच्या असतील तर दोन विषय जपून काढा. बिगुल एका ठरावीक सुरातलेच असले पाहिजेत हा नियम 2000 पासून गेला आणि 2004 पासून माइक-स्पीकरला परवानगी मिळाली. यावर अजून वाद होतात. माझं म्हणाल तर मैदानाच्या पुढे ठेवलेल्या मरिंबा-व्हायब्रफोनना, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्यांना, माइक हवेच होते, एरवी ते ब्रासखाली बुडायचे. पण सिंथेसायझरची ती पोटात घुमणारी धडधड मला आजही पचत नाही. शंभर-दीडशे माणसं जीव ओतत असताना एका बटणाने ती झाकायची म्हणजे काय!

बसल्यावरच्या रीती फार नाहीत. कार्यक्रम सुरू असताना जागेवरून उठू नका आणि जिन्यात उभे राहू नका. संघ बदलताना हवं तितकं फिरा. व्हिडिओ काढायला मनाई आहे, तेव्हा मोबाइल खिशात. टाळ्या मात्र मधेच, हव्या तेव्हा, हव्या तितक्या, इथे शास्त्रीय मैफलीचा संकोच नको. आणि ओहायोचे ब्लूकोट्स मैदानात आले की सगळं स्टेडियम ‘ब्लूऽऽऽ’ करून ओरडतं. नवख्याला वाटतं संघाची हुर्यो उडवताहेत. तसं नाही, ते प्रेम आहे. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बिचाऱ्या पोरांची कीव करत बसतील.

एक सकाळ सरावासाठी मोकळी ठेवा. संघ आसपासच्या शाळांमध्ये उतरतात, जिमच्या फरशीवर झोपतात, स्वतःच्या ट्रकमधल्या स्वयंपाकघरात शिजवलेलं खातात आणि दिवसभर शाळेच्या मैदानावर घासत असतात. बाकड्यांवर बसून पाहायला सहसा कुणी हरकत घेत नाही. प्रत्येक मुलाजवळ पाण्याचा भलामोठा जग, मानेवर उन्हाचा पट्टा. एकच चार सुरांची जागा वीस वेळा. ‘परत सुरुवातीला’ म्हटलं की धावत जागेवर, चालत नाही. पाणी पिण्याच्या दोन मिनिटांत त्यांच्याशी बोलायला जाऊ नका, त्यांना खरंच पाणीच प्यायचं असतं.

थोडे पैसे वेगळे काढा, संघांच्या दुकानांसाठी. टी-शर्ट महाग वाटेल, घ्या. 1934 पासूनचा, दहा वेळा जिंकलेला कॅडेट्ससारखा संघ 2024 मध्ये आर्थिक ओझ्याखाली बंद पडला. या संघांमागे सरकार नाही, मोठा टीव्ही करार नाही. मुलं स्वतःच हजारो डॉलर फी भरून येतात आणि बाकीचं देणग्या नि अशा विक्रीतून उभं राहतं.

आणि हो, तुमचं शाळेच्या मार्चिंग बँडमधलं लेकरू सोबत असेल तर परतीच्या वाटेवर काय विचारणार हे ठरलेलं आहे. उत्तराची तयारी करून निघा. निवडीची शिबिरं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होतात, उन्हाळा पूर्ण जातो, इंटर्नशिप हुकते. कॉलेजच्या अर्जावर चांगलं दिसेल म्हणून पाठवणार असाल तर राहू द्या. त्यासाठी इतकं ऊन खायची गरज नाही, सोपे मार्ग पुष्कळ आहेत. पोराला स्वतःला हवं असेल तर मात्र फीच्या आकड्यावर घरात भांडण होण्याआधी संघांच्या शिष्यवृत्त्या बघून ठेवा.

शनिवार गाठणार असाल तर त्या रात्रीची खोली सोडू नका. शेवटी सगळे बारा संघ एकत्र मैदानात येतात, बाराव्या क्रमांकापासून गुण वाचले जातात आणि यात बराच उशीर होतो. मग पार्किंगमधून बाहेर पडायला वेगळा वेळ. गुण जाहीर होण्याआधी गर्दी टाळायला म्हणून निघणारे दर वर्षी दिसतात. एवढे तास बसून शेवटची वीस मिनिटं सोडण्यात काय शहाणपण आहे कोण जाणे. रविवारी सकाळी लवकर चेकआउट करून शिकागोकडे निघालात तर गेलेला तास परत मिळतो, जेवायला घरी.