पावसात पोर्ट्रेट काढायचंय? मग वळचणीला चला

साताऱ्यात पावसाळ्यात कुणाला फोटो काढूया म्हटलं की एकच उत्तर येतं, "ऊन पडू दे मग बघू", आणि ऊन काय पडत नाही. मला हे मनापासून पटत नाही, कारण चेहऱ्याला ढगाळ उजेडासारखा उजेड नाही, कडक उन्हात डोळे बारीक होतात, नाकाखाली काळी सावली पडते, ढग आले की ते सगळं जातं.

एकच गोची आहे, हा उजेड डोक्यावरून पडतो. मोकळ्यात उभं केलं की डोळ्यांच्या खोबणीत अंधार होतो आणि धडधाकट माणूस आजारी दिसायला लागतो. म्हणून छप्पर शोधा. जुन्या घराचा सोपा, टपरीचा पत्रा, गोठ्याचं दार, काहीही चालतं. माणसाला कडेपासून हात-दीड हात आत घ्या आणि तोंड बाहेर पावसाकडं करा. वरचा उजेड छपरानं अडतो, समोरचा चेहऱ्यावर येतो आणि बुबुळात आभाळाचा पांढरा ठिपका चमकतो. तो ठिपका दिसेपर्यंत शटर दाबायचं नाही, हनुवटी जरा वर घ्यायला सांगा, येतोच.

मागच्या पावसाळ्यात सज्जनगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात एका आज्जीचा फोटो असाच काढला. आज्जी सोप्यात, मी बाहेर अंगणात, आणि डोक्यावर छत्री धरायला त्यांचा नातू. आज्जींच्या मांडीवर धुतलेलं पांढरं धोतर पसरलं, ते फ्रेममध्ये येत नाही पण त्याचा उजेड हनुवटीखाली गेला आणि गळ्यावरच्या सुरकुत्या मऊ झाल्या. मधे पागोळ्या गळत होत्या, शटरचा वेग १/६० सेकंद ठेवला तर त्यांचे दोरे दिसतात, १/५०० ला सुटे मणी. मी दोरे घेतले. मागं घरातला अंधार होता म्हणून ते उठून दिसले, पांढऱ्या आभाळापुढं पाऊस दिसतच नाही हे लक्षात ठेवा. आज्जी म्हणाल्या, "आसल्या पावसात कसला फोटू काढतुयास बाबा", आणि हसल्या, तीच फ्रेम ठेवली. १/६० ला माणूस हलला की फोटो गेला, त्यामुळं पाच-सहा तरी काढा.

फ्लॅश समोरून मारू नका, जवळचे थेंब पांढरे डाग होऊन चेहऱ्यावर बसतात. छत्री फ्रेममध्ये घ्यायची असेल तर पांढरी किंवा पारदर्शक घ्या, निळ्या-हिरव्या छत्रीचा रंग गालावर उतरतो आणि एडिटिंगला लय त्रास होतो.

आता धुकं. यवतेश्वरचा घाट चढून कास पठाराकडं निघालात की ते मिळतंच. कॅमेऱ्याला सगळं पांढरं दिसतं म्हणून तो फोटो काळपट काढतो, एक्स्पोजर (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +०.७ ते +१ करा, मोबाईल असेल तर चेहऱ्यावर टॅप करून उजेड वर सरकवा. आणि जवळ जा, सहा-सात फुटांवर, कारण तुमच्या आणि माणसाच्या मधलं धुकं जितकं जास्त तितका चेहरा फिका. लाल किंवा पिवळे कपडे असतील तर फारच छान. पण कासला फुलांत बसवून फोटो काढू नका प्लीज, ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि एका फोटोपायी चिरडलेली फुलं बघून खरंच वाईट वाटतं.

गाडीचा एसी घाट चढतानाच बंद करा. गार कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी परत येते, तेव्हा तो बॅगेतच वीसेक मिनिटं राहू दे. भिजू नये म्हणून साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड पुरतं, लेन्सपुरतं भोक पाडायचं, हूड (लेन्सपुढं लावायची कड) असेल तर लावायचं.

समोरच्या माणसासाठी कोरडा टॉवेल आणि थर्मासमध्ये चहा न्याच, कुडकुडणाऱ्या माणसाचे खांदे वर चढतात आणि ते फोटोत लपत नाही.

घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी कॅमेरा ओल्या बॅगेतून बाहेर काढा, कोरड्या फडक्यानं पुसून फॅनखाली ठेवा आणि मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात बंद करा, आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.