काच, दुधाची पिशवी आणि गॅलरीतल्या तीन बादल्या

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी दारातच हात मागे घेतला. बोटातून रक्त वाहत होतं. आदल्या रात्री आमच्याकडे काचेचा पेला फुटला होता आणि त्याचे तुकडे मी मेथीच्या देठांबरोबर एकाच पिशवीत कोंबले होते. त्यांना दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तीन दिवस त्यांना काम करता आलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात जी पद्धत बसली, ती इथे लिहिते आहे.

आधी काचेचंच सांगते. फुटलेली काच, ब्लेड, सुया, गंजलेले खिळे एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात साठवायचे. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करायचं, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहायचं आणि देताना तोंडानेही सांगायचं. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा. पुण्यातल्या कचरावेचकांनीच ही खूण मागितली आहे. ठिपका दिसला की पुडी उघडावी लागत नाही. ट्यूब आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, म्हणून ते न फोडता, जुन्या खोक्यात घालून वेगळे द्यावेत.

आता सुका कचरा. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. दारोदार फिरणाऱ्या या सभासदांची कमाई दोन प्रकारची आहे: घरटी महिन्याचं शुल्क, आणि सुक्यातून वेचून भंगारात विकलेला माल. आमटी सांडलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला हात लावत नाही. म्हणजे आपण ओलं-सुकं एकत्र केलं की त्यांच्या दिवसाच्या कमाईतूनच काही काढून घेतो. मला हे कळायला फार उशीर झाला, म्हणून जोर देऊन सांगते आहे.

दुधाच्या पिशवीचं ताईंनीच शिकवलं. “काकू, टोक कापा, पण तोडून टाकू नका. ते बारकं टोक कुणाच्याच हाती लागत नाही.” तेव्हापासून मी आडवी चीर देते आणि टोक पिशवीलाच लटकू देते. पिशवी भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात विसळायची, उलटी करून नळावर वाळत घालायची. महिन्याच्या साठ पिशव्यांचा एक नीट गठ्ठा होतो आणि त्याला भाव येतो. वेफर्स-बिस्किटांची आतून चमकणारी पाकिटं मात्र बहुतेक भंगारवाले घेत नाहीत. ती कमी आणणं हाच उपाय. आमच्या घरी चिवडा आता डबा घेऊन जाऊन सुटा आणतो.

पण खरी मेहनत ओल्या कचऱ्यात आहे. आम्ही कोथरूडला राहतो. इथे अजूनही रिक्षावाल्याला ‘कचरा डेपो’ म्हटलं की जागा कळते, जरी तो डेपो कधीच हलला. तो हलला म्हणजे कचरा संपला नाही, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवर गेला. ढिगात दाबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, त्यातून मिथेन निघतो, आगी लागतात आणि काळं पाणी जमिनीत झिरपतं. तिथल्या लोकांच्या विहिरी नासल्या, त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. आमची भेंडीची देठं त्यांच्या पाण्यात जाऊ नयेत, एवढं तर मी माझ्या गॅलरीत करू शकते.

मी आठवडाभर कचरा तोलला. चार माणसांच्या घरात रोज ७०० ते ९०० ग्रॅम ओला कचरा निघत होता. त्याचं घरीच खत करायला रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या पुरतात, पण दोन नव्हे, तीन लागतात: एक भरणारी, दोन मुरणाऱ्या. तापवलेल्या सळईने बादलीच्या बाजूंना आणि तळाला वीत-वीत अंतरावर भोकं पाडा. बादली दोन विटांवर ठेवा, खाली ताटली सरकवा. तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेला पाला. मग विरजण: जुनं खत मिळालं तर दोन मुठी, नाहीतर मूठभर शेण, तेही नसेल तर वाटीभर आंबट ताक.

रोज सालं-देठं बोटाच्या पेराएवढी चिरून घाला आणि वर त्याच्या दुप्पट वाळलेला पाला पसरा. पाल्याचा हा थर कधीही चुकवू नका, बहुतेकांची बादली तिथेच बिघडते. वर हिरवं दिसता कामा नये. दर तीन दिवसांनी काठीने तळापासून हलवा. मधला भाग हाताला कोमट लागला तर काम सुरू आहे. मूठभर मिश्रण दाबून पाहा: हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये.

कुजका वास आला तर पाणी जास्त झालंय, पाला घाला आणि दोन दिवस नवं काही टाकू नका. नाकाला झोंबणारा वास आला तरी उपाय पाल्याचाच. मुंग्या आल्या तर कोरडं पडलंय, ताकाचं पाणी शिंपडा. पांढरी बुरशी चांगली, तिला घाबरू नका. करड्या, जाड अळ्या दिसल्या की माझ्या सूनबाई पहिल्यांदा किंचाळल्या होत्या. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत आणि कचरा भराभर संपवतात. चिलटांसाठी बादलीच्या तोंडावर जुन्या सुती साडीचा तुकडा बांधा.

हाडं, मासळी आणि तेलकट भाजी पहिले सहा महिने घालू नका. लिंबाची सालं थोडीच. निर्माल्यातले दोरे आणि जरी काढा, फुलं बादलीत जाऊ द्या. ती मुठा नदीत सोडू नयेत.

पाला कुठून आणायचा? फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत. आमच्या सोसायटीत झाडलेला पाला कोपऱ्यात जाळायचे. मी वॉचमनदादांना रिकामी पोती दिली आणि पाला त्यांत भरायला सांगितलं. सहा पोती जिन्याखाली कोरडी ठेवली की सगळा पावसाळा निभावतो. नाहीतर जुलैत पाला ओला असतो आणि बादल्यांचा चिखल होतो. सुताराकडचा भुसा घेताना विचारून घ्या. प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायनं असतात, तो नको.

चार आठवड्यांत बादली भरते. मग तिला झाकून ३५ ते ४० दिवस ठेवा, मधूनमधून हलवत राहा. खत तयार झालं की काळपट, भुसभुशीत होतं आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर माती वास देते तसा वास येतो. मग पीठ चाळायच्या नव्हे, वाळूच्या चाळणीने चाळा. एक भाग खत आणि तीन भाग माती घालून कुंड्या भरा. माझ्याकडची कढीपत्त्याची खुंटलेली काडी यावर कठड्याच्या वर गेली आहे. चाळणीत आंब्याच्या कोयी, शेंड्यांचे धागे आणि न कुजलेले देठ उरतात. ते फेकू नका. ते पुढच्या बादलीच्या तळाला घाला.