पावसाळ्याआधी पद्मिनीची समोरची काच: गळती काढायची तयारी

काच गळते म्हणून थेट सीलरची (फटी बुजवायच्या लुकणाची) ट्यूब आणायला धावू नका. आधी लागतील पाण्याची नळी, टॉर्च, जुनी वर्तमानपत्रं आणि गाडीत बसायला एक जण. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसिडरसारख्या जुन्या गाडीची काच चिकटवलेली नसते, रबरात अडकवलेली असते. म्हणून पाण्याला दोन वाटा सापडतात: काच आणि रबर यांच्यामधून, नाहीतर रबर आणि पत्रा यांच्यामधून. वायपरच्या दांड्यांभोवतीची रबरं गेली, तरी पाणी डॅशबोर्डखालीच उतरतं आणि दोष काचेवर जातो. नळीचं पाणी अगदी हळू सोडा, खालच्या कडेपासून सुरुवात करून वर जा, प्रत्येक भागाला पाच मिनिटं द्या. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. आतल्याने थेंब पडतो तिथे न पाहता, तो पत्र्यावरून कुठून ओघळत आला ते टॉर्चने पाहायचं.

मग रबर बघा. बोटाने कड उचलली की ती वाकली पाहिजे. कडक झाली असेल, कोपऱ्यात आकसून फट पडली असेल, तर कुठलाही सीलर टिकणार नाही; नवं रबर आणा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रंग फुगलेला दिसला तर आत गंज आहे. तेव्हा काच उतरवण्यावाचून पर्याय नाही: गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, मग प्रायमर, रंग. काच परत बसवायला रबराच्या खाचेत फिरवण्यासाठी ४-५ मिमी जाडीची, पाचेक मीटर नायलॉनची दोरी, साबणाचं पाणी आणि दुसरा माणूस हवा. काचेच्या कडेला ठोका लागू देऊ नका, फुटते ती तिथूनच.

रबर चांगलं असेल तर सीलर न सुकणारा, खास काचेच्या रबरासाठीचा घ्या. ३१० मिलीची एक नळकांडी आतबाहेर दोन्ही बाजूंना पुरून उरते. सोबत नळकांडी दाबायची गन, मास्किंग टेप, कड उचलायला प्लास्टिकची पट्टी (स्क्रूड्रायव्हर नको, रबर फाटतं), आणि पुसायला टर्पेंटाइनने जेमतेम ओला केलेला फडका. बाथरूमचं सिलिकॉन मात्र अजिबात नको. व्हिनेगरसारखा वास येतो त्यातलं आम्ल पत्रा गंजवतं, आणि नंतर त्यावर रंगही धरत नाही.

आदल्या दिवशी गाडी उन्हात ठेवून खाच पूर्ण वाळवा. ओल राहिली की सीलर धरत नाही आणि आत अडकलेलं पाणी गंज चढवतं. काम सकाळी सावलीत करा, मे महिन्याच्या दुपारी सीलर ओघळतो. नोझल तिरकं कापा, टोक चपटं करा, कडेखाली खोल घाला आणि न थांबता सरकवत न्या. कोपऱ्यांत हात थोडा सावकाश. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नळी, खालून वर.